सिग्नल गेला म्हणजे काय झालं? वेगवान हौशी रॉकेटचा अँटेना



आत येताना दारातच एकाने विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. तुमचा अँटेनाशी काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. हॅम रेडिओचा छंद मला तरुणपणापासून आहे, हे एक उत्तर झालं. दुसरं उत्तर मीमांसकांकडे आहे, आणि मी तिथूनच सुरुवात करणार आहे.

या समोरच्या टेबलावर तांब्या नाही. हे तुम्हाला कशावरून कळलं? तांब्या दिसत नाही, यावरून. कुमारिल भट्टांची परंपरा याला ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानते आणि त्याला अनुपलब्धी म्हणते. प्रभाकरांची परंपरा ते मानत नाही. तो वाद आज बाजूला ठेवू. पण जे मानतात त्यांनी एक फार महत्त्वाची अट घातली आहे. अनुपलब्धी 'योग्य' हवी. म्हणजे तांब्या असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत तांब्या दिसला नाही, म्हणून तांब्या नाही असं म्हणता येत नाही.

ही अट मी वर्गात तीस वर्षं शिकवली, आणि एका मैदानावर साफ विसरलो. ती गोष्ट आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी इंजिनिअरिंगच्या काही मुलांनी एक छोटं रॉकेट केलं होतं, साधारण एक किलोमीटर उंच जाणारं. त्याच्या नाकाडात ४३५ मेगाहर्ट्झचा लहानसा ट्रान्समीटर होता. उंची, वेग, बॅटरीचा दाब ही माहिती तो खाली पाठवणार. यालाच टेलिमेट्री म्हणायचं. जमिनीवरचा रिसीव्हर सांभाळायला मुलांनी मला बोलावलं. रॉकेट सुटलं, सरळ डोक्यावर गेलं, आणि काही सेकंदांत सिग्नल गायब. ते पुढे झाडीत कुठेतरी पडलं ते सापडलं नाही. मुलांनी चर्चा केली आणि निष्कर्ष काढला की हादऱ्याने बॅटरीची जोडणी सुटली. ज्या मुलाने ती जोडणी केली होती, त्याच्यावर ठपका आला. मीही मान डोलावली. पुढचे दोन महिने त्या पोराने बॅटरीचा डबा तीनदा नव्याने बांधला.

दुसरं रॉकेट उडालं, आणि साधारण त्याच उंचीवर पुन्हा शांतता. या वेळी मात्र रॉकेट सापडलं. आतलं मेमरी कार्ड काढून पाहिलं, तर ट्रान्समीटर पूर्ण वेळ व्यवस्थित बोलत होता. आम्हालाच ऐकू येत नव्हतं.

का, ते बघू.

मेदूवडा आणि मुकी दिशा

नाकाडात सरळ उभी तार होती, रॉकेटच्या लांबीच्या दिशेने. अशी तार सगळीकडे सारखी बोलत नाही. मेदूवड्याच्या भोकातून एक काडी आरपार घाला. काडी म्हणजे तार आणि वडा म्हणजे तिच्यातून बाहेर पडणाऱ्या शक्तीचा आकार. बाजूंना भरपूर, पण काडीच्या टोकांच्या दिशेला भोक. इंग्रजीत याला नल म्हणतात. मी मुकी दिशा म्हणतो.

आता रॉकेट सरळ वर गेलंय आणि आपण लाँचपॅडशेजारी उभे आहोत. आपल्याकडे रॉकेटची शेपटी आहे, म्हणजे काडीचं टोक. आपण वड्याच्या भोकातून वर बघतोय!

आकडे घेऊ. आम्ही पॅडपासून ५० मीटरवर होतो. रॉकेट एक किलोमीटरवर पोचलं, तेव्हा त्याच्या अक्षापासून आम्ही जेमतेम तीन अंश बाजूला होतो. आदर्श अर्धलहरी डायपोलचं गणित सांगतं की तीन अंशांवर मिळणारी शक्ती बाजूच्या शक्तीच्या सुमारे सहाशेवा हिस्सा असते. डेसिबलमध्ये २८ची घट. तेच आम्ही ५०० मीटर दूर उभे असतो, तर कोन साडेसव्वीस अंशांच्या पुढे गेला असता आणि शक्ती सातवा हिस्सा मिळाली असती. अंतर किंचित वाढलं असतं, पण सिग्नल कितीतरी पटींनी सुधारला असता. नुसतं साडेचारशे मीटर चालायचं होतं.

म्हणजे पॅडशेजारची ती शांतता 'योग्य' नव्हती. सिग्नल असता तर ऐकू आलाच असता, असं आम्हाला म्हणता येत नव्हतं. तरी आम्ही तिच्यावरून बॅटरीला दोषी ठरवलं, आणि एका मुलालाही.

आजचं सगळं व्याख्यान या एका मुद्द्यावर आहे. टेलिमेट्रीच्या अँटेनाचं काम फक्त सिग्नल पोचवणं एवढंच नाही. सिग्नल थांबला, तर त्या थांबण्यालाही अर्थ असला पाहिजे.

शंभर किलोमीटरचा जमाखर्च

आता मोठ्या रॉकेटकडे जाऊ, कारण तिथे चालत बाजूला होऊन भागत नाही. अमेरिकेत नेवाडा राज्यात ब्लॅक रॉक नावाचं वाळवंट आहे. वाळून गेलेल्या तळ्याचा सपाट, कोरडा तळ. १७ मे २००४ रोजी तिथून 'गोफास्ट' नावाचं हौशी मंडळींचं रॉकेट अवकाशात गेलं. सरकारी संस्थेबाहेरच्या हौशी गटाने हे पहिल्यांदाच साधलं. त्याच वाळवंटातून २० ऑक्टोबर २०२४ रोजी सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं 'आफ्टरशॉक टू' सुमारे १४३ किलोमीटरवर गेलं. त्याचा कमाल वेग ध्वनीच्या साडेपाच पट होता, म्हणजे सेकंदाला सुमारे १.६ किलोमीटर.

एवढ्या अंतरावरून शंभर मिलिवॅटचा ट्रान्समीटर ऐकू येईल का? बऱ्याच जणांना वाटतं, नाही येणार. आपण घरखर्चाच्या वहीसारखा जमाखर्च मांडू. डेसिबलचा हिशेब सोपा आहे: दहा उणे म्हणजे दहावा हिस्सा, तीन उणे म्हणजे निम्मा. शंभर मिलिवॅट म्हणजे २० डीबीएम. ४३५ मेगाहर्ट्झवर मोकळ्या अवकाशातून १०० किलोमीटर जाताना सुमारे १२५ डेसिबल खर्च होतात. उरले उणे १०५. साडेबारा किलोहर्ट्झ रुंदीचा चांगला रिसीव्हर साधारण उणे ११८ पर्यंत स्वच्छ माहिती वाचू शकतो. म्हणजे १३ शिल्लक. जमिनीवर दहा डेसिबलचा यागी अँटेना लावला, तर २३. ध्रुवीकरणाचे तीन वजा करा, ते का ते पुढे सांगतो. हातात २० डेसिबल राहिले. बरी शिल्लक आहे.

आता याच वहीत मुक्या दिशेचे २८ खर्ची घाला. आठ डेसिबलचं कर्ज! आपला सिग्नल शंभर किलोमीटरच्या अंतराने मेला नाही, तीन अंशांच्या कोनाने मेला. अंतर दुप्पट झालं तर सहाच डेसिबल जातात. कोन चुकला तर अठ्ठावीस जातात. नवखे गट ट्रान्समीटरची शक्ती वाढवायला धावतात, कारण शक्ती विकत मिळते. कोनाचा मात्र विचार करावा लागतो.

इथे बाजूला होऊन साडेसव्वीस अंशांचा कोन हवा असेल, तर ५० किलोमीटर दूर जावं लागेल. तेवढ्या अंतरावरून पृथ्वीच्या गोलाईमुळे पॅडवरचं रॉकेट दिसणारच नाही, सुरुवातीचे सेकंद हुकतील. म्हणून एक स्टेशन जवळ आणि एक दूर ठेवणं शहाणपणाचं. पण मूळ दुरुस्ती रॉकेटवरच करावी लागते.

फिरणारं रॉकेट आणि अंगाला गुंडाळलेला अँटेना

वेगवान रॉकेट उडताना स्वतःभोवती फिरतं, कधी स्थिरतेसाठी मुद्दाम फिरवलेलं, कधी पंख्यांच्या बारीकशा तिरकेपणामुळे. समजा अँटेना अंगाच्या एकाच बाजूला चिकटवलाय आणि रॉकेट सेकंदाला पाच फेरे घेतंय. मग सेकंदात पाच वेळा तो आपल्याकडे पाठ करणार. माहितीचं एक पॅकेट पाठवायला पाव सेकंद लागत असेल, तर प्रत्येक पॅकेटचा एखादा तुकडा गळणार आणि अख्खं पॅकेट बाद होणार. सरासरी सिग्नल उत्तम, हाती आलेली माहिती शून्य.

मग दोन बाजूंना दोन लावू? ही दुसरी चूक. दोघांच्या मधल्या दिशांना दोघांच्या लहरी पोचतात, आणि जिथे एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो तिथे त्या एकमेकींना खोडतात. दोन अँटेनांनी नव्या मुक्या दिशा तयार केल्या.

याचं सुरेख उत्तर रॉबर्ट मन्सन या अमेरिकी अभियंत्याने १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात आहे. तांब्याची एक पातळ पट्टी, खाली विद्युतरोधक थर, त्याखाली धातूचा पत्रा, आणि हे सगळं रॉकेटच्या अंगाभोवती पट्ट्यासारखं गुंडाळलेलं. बाहेर काहीच डोकावत नाही. पट्टी सगळीकडे सारखी बोलावी म्हणून तिला एकाच ठिकाणी नव्हे, समान अंतरांवर अनेक ठिकाणी वीज पुरवायची. किती ठिकाणी? पट्टीच्या घेरात, त्या थरातल्या जितक्या तरंगलांब्या बसतात, त्यापेक्षा कमी नको.

दहा सेंटिमीटर व्यासाचं रॉकेट घ्या. घेर ३१.४ सेंटिमीटर. २४०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी हवेत साडेबारा सेंटिमीटर असते. टेफ्लॉनच्या जातीच्या थरात ती आखडून सुमारे ८.४ होते. ३१.४ भागिले ८.४ म्हणजे पावणेचारच्या आत. तेव्हा चार ठिकाणी. दोन आणि चार हे आकडे सोयीचेही आहेत, कारण एका तारेचे दोन फाटे आणि प्रत्येकाचे पुन्हा दोन, असं सहज करता येतं.

फिरण्याचा प्रश्न मिटला. पण नाक आणि शेपटी? चारही ठिकाणी एकाच क्षणी पुरवठा केला, तर शेपटीच्या बरोबर मागे समोरासमोरच्या दोन बाजूंच्या लहरी पुन्हा एकमेकींना खोडतात. ती दिशा मुकीच राहते, आणि आपण तर तिथेच उभे! यावर उपाय म्हणजे चार वेगळे तुकडे लावायचे आणि त्यांना पाव-पाव लहरीच्या अंतराने पुरवठा करायचा. लेझीम पथकातल्या चौघांनी एकदम न वाजवता पाव-पाव ठेक्याने एकामागून एक वाजवावं, तसं. आता समोरासमोरचे दोघं उलट्या टप्प्यात आले, त्यामुळे अक्षावर जे एकमेकांना खोडत होते तेच आता जोडले जातात. शेपटीमागची मुकी दिशा बोलकी झाली.

वेगाची किंमत

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? अंगावर एक तार बाहेर काढा की! संथ रॉकेटला चालतं. पण ध्वनीच्या तिप्पट वेगाला, दहा किलोमीटर उंचीवर, दोन मिलिमीटर जाड आणि सतरा सेंटिमीटर लांब उभ्या तारेवर हवेचा जोर सात किलो वजनाच्या आसपास येतो. तार वाकते, फडफडते किंवा तुटते. आणि उष्णता वेगळीच. तिथली हवा उणे ५० अंश असते, पण त्या वेगाला रॉकेटसमोर अडून थांबलेल्या हवेचं तापमान साडेतीनशे अंशांच्या घरात जातं. शिसं-कथलाचं नेहमीचं डाग १८३ अंशांना वितळतं. साधं इपॉक्सी त्याच्याही आधी मऊ पडायला लागतं. हा मार काही सेकंदांचाच असतो, म्हणून आतलं सामान वाचतं. बाहेर असलेलं वाचेलच असं नाही. गुंडाळलेल्या पट्टीवरही संरक्षक थर द्यावा लागतो. आणि असा थर दिला की पट्टीचा सूर खाली उतरतो. पातळ पट्टीची मजल मुळातच लहान असते, वारंवारतेच्या एक-दोन टक्क्यांची. तेव्हा ही उतरण आधीच हिशेबात धरायची.

दुसरा मार्ग म्हणजे अँटेना नाकाडाच्या आत ठेवणं. तिथे साहित्याचा प्रश्न येतो. ग्लास फायबरमधून रेडिओलहरी जातात. कार्बन फायबर मात्र वीज वाहून नेतं, त्यामुळे लहरींच्या दृष्टीने ते पत्र्याचं पिंप आहे. अंग कार्बनचं केलंत तरी नाकाड ग्लासचं करा. आत तारेच्या शेजारून आटे पाडलेली लोखंडी सळई उभी गेलेली असते, इलेक्ट्रॉनिक्सची फळी धरायला. ती तारेला समांतर असली की अँटेनाचाच एक भाग होऊन बसते आणि सगळा हिशेब बिघडवते. ४३५ मेगाहर्ट्झला पाव लहर सव्वासतरा सेंटिमीटर भरते. पण तारेला ग्लास फायबर चिकटलं की तेवढीच तार जास्त लांबीची असल्यासारखी वागते. म्हणून अँटेनाची लांबी टेबलावर उघडी ठेवून ठरवू नका. बॅटरी, सळया, नाकाड सगळं जागच्या जागी बसवून मगच नॅनोव्हीएनए लावा. पगडीचं माप पगडी घालूनच घ्यायचं.

जमिनीवरची बाजू

ते तीन डेसिबल राहिले होते. सरळ तारेतून निघालेल्या लहरीला एक आडवा-उभा कल असतो, त्याला ध्रुवीकरण म्हणतात. पाठवणारी तार उभी आणि घेणारी आडवी झाली, तर तत्त्वतः काहीच मिळत नाही, व्यवहारात वीस डेसिबल किंवा त्याहून जास्त जातात. उडणारं रॉकेट कधी कसं कलंडेल, काय सांगावं? म्हणून जमिनीवर वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा अँटेना ठेवायचा. सरळ लहर कशीही कललेली असो, त्याला ती निम्मी मिळतेच. तीन डेसिबलचा ठरलेला हप्ता भरून वीस डेसिबलचा अपघात टाळायचा. मात्र रॉकेटवर लेझीमवाली चौकडी असेल तर सावध. शेपटीमागे तिची लहर स्वतःच गोल फिरत येते; ती उजवी की डावी हे आधी काढा आणि जमिनीवरचा अँटेना त्याच हाताचा ठेवा.

अशा कामाला हेलिकल, म्हणजे स्प्रिंगसारखा गुंडाळलेला अँटेना चांगला. तो जॉन क्राउस यांनी १९४६ साली अमेरिकेत शोधला. एका व्याख्यात्याने दाखवलेल्या नळीत तारेची गुंडाळी पाहून त्यांनी विचारलं, याचा अँटेना होईल का? उत्तर मिळालं, करून पाहिलंय, होत नाही. क्राउस घरी गेले आणि एका वळशाचा घेर साधारण एक तरंगलांबी होईल एवढी जाड गुंडाळी करून पाहिली. चाललं! आता ते 'करून पाहिलं, होत नाही' हीसुद्धा अनुपलब्धीच होती, आणि योग्य नव्हती. बारीक गुंडाळीत तो परिणाम असता तरी दिसला नसता.

जीपीएसचंही तसंच. बऱ्याच साध्या नागरी जीपीएस रिसीव्हरमध्ये जुन्या निर्यात-निर्बंधांमुळे मर्यादा घातलेली असते: सुमारे ५१५ मीटर प्रतिसेकंद वेग आणि १८ किलोमीटर उंची. काही रिसीव्हर दोन्ही ओलांडल्यावर गप्प होतात, काही एक ओलांडली तरी. वेगवान रॉकेट ही सीमा सहज पार करतं. तेव्हा स्थानाचा आकडा थांबला म्हणून रॉकेट फुटलं असं समजू नका. तो रिसीव्हर ठरल्याप्रमाणे गप्प बसलाय.

उड्डाणाआधीची दुपार

मग करायचं काय? आम्ही तिसऱ्या रॉकेटच्या वेळी केलं ते सांगतो. मोकळ्या मैदानात लाकडी तिकाटण्यावर रॉकेट आडवं ठेवलं, शंभर मीटरवर रिसीव्हर, आणि पंधरा-पंधरा अंशांनी रॉकेट फिरवत प्रत्येक कोनाचा सिग्नल वहीत लिहिला. मग ते अंगाभोवती वळवून पुन्हा तेच. एक दुपार गेली. मुक्या दिशा कागदावर आल्या. मग अपेक्षित उड्डाणाच्या प्रत्येक सेकंदाला किती डेसिबल शिल्लक असायला हवी, त्याचा तक्ता मांडला.

या तक्त्यामुळे शांततेला अर्थ येतो. शिल्लक वीस असायला हवी त्या सेकंदाला सिग्नल तुटला, तर खुशाल म्हणा की ट्रान्समीटर गेला. ती योग्य अनुपलब्धी आहे. शिल्लक उणे आठ असताना तुटला, तर काहीच म्हणू नका.

याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचं 'ट्रॅव्हलर फोर' २१ एप्रिल २०१९ रोजी न्यू मेक्सिकोतून उडालं. त्यांनी उंची जाहीर केली १०३.६ किलोमीटर, अधिक-उणे सुमारे पाच. आणि सोबत हेही लिहिलं की शंभर किलोमीटरची रेषा ओलांडल्याची खात्री ९० टक्के आहे. मला त्या उंचीइतकंच हे ९० टक्के आवडतं. आपल्याला किती माहीत आहे, तेही त्यांनी मोजलं.

आता प्रश्न घेऊ.

*प्रश्न: मेमरी कार्डात सगळं साठतंच, मग रेडिओची गरज काय?*

कार्ड वाचायला रॉकेट सापडावं लागतं. पॅराशूट उघडलं नाही, तर ते वेगाने जमिनीत घुसतं, आणि वाळवंट मोठं असतं. शेवटच्या पॅकेटात आलेलं स्थान हाच बऱ्याचदा शोधाचा एकमेव धागा. शिवाय उतरताना ते उलटंपालटं होतं, म्हणून तेव्हाही सगळ्या बाजूंनी बोलणारा अँटेना हवा.

*प्रश्न: एवढ्या वेगाने वारंवारता बदलत नाही का?*

बदलते, डॉपलरमुळे. सेकंदाला १.६ किलोमीटर वेगाला ४३५ मेगाहर्ट्झवर सुमारे २.३ किलोहर्ट्झ, २४०० वर पावणेतेरा. रिसीव्हरची रुंदी तेवढी ठेवायची, किंवा त्याला मागोवा घेऊ द्यायचा. हा प्रश्न आधी माहीत असतो, म्हणून त्रास देत नाही.

*प्रश्न: त्या बॅटरीवाल्या मुलाचं काय झालं?*

त्या दुपारी कोनमापक त्याच्याच हातात होता. पहिल्यांदा मी त्याची माफी मागितली, मग आम्ही मोजायला सुरुवात केली. त्याचा तिसरा डबा आमच्याकडे अजून आहे. फार मजबूत आहे, त्यात आम्ही स्क्रू ठेवतो.